वाचकांचे प्रश्न : जुन्या खात्यासाठी नव्याने मोबाइल नंबर का द्यायचा?

वर्षानुवर्षे वापरात असलेले ई-मेलचे किंवा समाजमाध्यमावरचे खाते एके दिवशी मोबाइल नंबर मागू लागते आणि तो दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, अशी तक्रार या सदराकडे आलेल्या अनेक पत्रांत आहे. त्यांपैकी निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची व त्यांनी उल्लेखिलेल्या कंपन्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी सांगलीच्या एका महाविद्यालयात शिकवत होते, आता निवृत्त आहे. माझे ई-मेल खाते २००६ पासूनचे आहे. ते उघडताना नाव, जन्मतारीख आणि पासवर्ड यांपलीकडे काही विचारले नव्हते. मी पासवर्ड कधी विसरले नाही आणि माझे खाते कधी कोणी बळकावले नाही. अलीकडे लॉगिन केल्यावर ‘सुरक्षिततेसाठी मोबाइल नंबर जोडा’ अशी सूचना येऊ लागली. तिच्याखाली ‘नंतर’ असे बटण असे, ते दाबून मी पुढे जात असे. आता ते बटणच काढून टाकले आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची प्रकरणे, माहेरच्या जमिनीच्या कागदांच्या प्रती आणि परदेशी असलेल्या मुलाची पत्रे त्या खात्यात आहेत. नंबर दिला नाही तर हे सगळे जाईल का? मुळात असा नंबर मागण्याचा कंपनीला अधिकार तरी आहे का?

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. ज्या संगणकावर किंवा फोनवर ते खाते अजून उघडे आहे, तेथून लॉगआउट करू नका. पुष्कळदा संगणकावर नंबरची अट येते आणि फोनमधले मेल अ‍ॅप मात्र पूर्वीसारखे चालू असते. तसे असेल तर त्या वाटेने आपल्या पत्रांची आणि जोडलेल्या फायलींची प्रत काढून घ्या. गूगलच्या खात्यांसाठी ‘टेकआउट’ ही सोय आहे. इतर मोठ्या सेवांच्या सेटिंग्जमध्येही आपली माहिती उतरवून घेण्याचा पर्याय बहुधा सापडतो, आणि बहुतेक सेवांवरची पत्रे थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅमच्या साहाय्याने घरच्या संगणकावर साठवता येतात. नंबर द्यायचा की नाही याचा निर्णय ही प्रत हाती आल्यावर शांतपणे घेता येईल. जमिनीच्या कागदांची एकमेव प्रत परक्या कंपनीच्या संगणकावर असणे हा धोका नंबरच्या मागणीच्याही आधीपासून होताच.

दुसरे, ही मागणी खरोखर त्या कंपनीचीच आहे याची खात्री करून घ्या. ‘नंबर जोडा, अन्यथा खाते बंद होईल’ अशा मजकुराचे बनावट संदेश भामटेही पाठवतात. संदेशातल्या दुव्यावर टिचकी न मारता सेवेचा पत्ता स्वतः टाइप करा. तेथेही तीच मागणी दिसली तरच ती खरी समजा.

आता अधिकाराचा प्रश्न. खाते उघडताना आपण ज्या अटींना होकार देतो त्यांत, अटी बदलण्याचा हक्क कंपनीने आपल्याकडे राखलेला असतो. त्यामुळे ‘२००६ मध्ये तुम्ही नंबर मागितला नव्हता’ एवढ्या मुद्द्यावर दाद मिळणे कठीण आहे. मात्र डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधील सहावे कलम ग्राहकाच्या बाजूचे आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, आणि सांगितलेल्या कामासाठी जेवढी माहिती आवश्यक आहे तेवढ्यापुरतीच ती धरली जावी, असे हे कलम म्हणते. कायद्यानेच दिलेले एक उदाहरण येथे उपयोगी पडते. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या एका अ‍ॅपने रुग्णाच्या फोनमधली संपर्कांची यादीही मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी सल्ला देण्यासाठी त्या यादीची गरज नसल्यामुळे तिच्यापुरती संमती ग्राह्य धरली जात नाही. पत्रे पोहोचवण्यासाठी ज्या सेवेला इतकी वर्षे नंबर लागला नाही, तिला तो आता आवश्यक कसा झाला, हे विचारण्याला या कलमामुळे आधार मिळतो. अडचण अशी की, या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले तेव्हा कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. म्हणून आज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र पाठवावे, त्यात नंबर कोणत्या कामासाठी हवा आणि तो न देता खाते सुरक्षित ठेवण्याचा पर्याय कोणता, हे दोन प्रश्न नेमके विचारावेत आणि उत्तर जपून ठेवावे.

समाजमाध्यमांबाबत आणखी एक तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने, ज्याला हवे असेल त्याला, भारतातील चालू मोबाइल नंबरसारख्या साधनाने खात्याची पडताळणी करून घेण्याची सोय द्यायची आहे. पडताळणी ऐच्छिक आहे, आणि तिच्यासाठी दिलेली माहिती स्पष्ट संमतीवाचून दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. ‘भारत सरकारच्या नियमामुळे नंबर सक्तीचा आहे’ असे कोणी या नियमाचा हवाला देऊन सांगत असेल तर ते चुकीचे आहे.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. गूगलने न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातील विद्यापीठांच्या संशोधकांसह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोंदवलेल्या नंबरवर एसएमएसने कोड पाठवल्यास यंत्रांकरवी होणारे सगळे हल्ले, घाऊक फसवणुकीचे ९६ टक्के आणि एखाद्याच व्यक्तीवर नेम धरून केलेले ७६ टक्के हल्ले थांबतात, असे दिसले. पासवर्ड चोरीला गेलेल्या असंख्य लोकांची खाती नंबरमुळे परत मिळाली आहेत. हजारो बनावट खाती उघडणाऱ्याला हजारो सिम मिळवावी लागली तर त्याचा खर्च वाढतो, हेही खरे आहे.

परंतु सुरक्षिततेसाठी घेतलेला नंबर सुरक्षिततेपुरताच राहतो, हा विश्वास या कंपन्यांनी स्वतःच्या वागण्याने गमावला आहे. ट्विटरने मे २०१३ ते सप्टेंबर २०१९ या काळात खात्याच्या संरक्षणाचे कारण देऊन १४ कोटींहून अधिक लोकांचे फोन नंबर आणि ई-मेल पत्ते घेतले आणि ते जाहिरातदारांना ग्राहक नेमके हेरता यावेत म्हणून वापरू दिले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत २०२२ मध्ये कंपनीने त्यासाठी १५ कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. फेसबुकवरही हाच ठपका होता. २०१९ मध्ये ५०० कोटी डॉलरच्या दंडासह झालेल्या तडजोडीत, सुरक्षेसाठी घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरण्यास त्या कंपनीला मनाई करण्यात आली. कुलूप लावून देतो असे सांगून घेतलेली वस्तू विकायला काढावी, असाच हा व्यवहार आहे आणि त्याला दुसरे नाव देण्याची मला गरज वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. नंबर देण्यापूर्वी खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन दुसरे साधन जोडता येते का ते पाहा. पर्यायी ई-मेल पत्ता जोडता येतो का ते पाहावेच; ऑथेंटिकेटर अ‍ॅप, पासकी (पासवर्डऐवजी आपल्या फोनचे वा संगणकाचे कुलूप उघडून लॉगिन करण्याची सोय) किंवा यूएसबीसारखी दिसणारी सुरक्षा किल्ली, यांपैकी कोणतेही साधन तर एसएमएसपेक्षा कमी प्रतीचे नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे सहा अंकी आकडे आपल्या फोनमध्येच तयार होतात. त्यांना सिम लागत नाही, रेंज लागत नाही आणि नंबरही लागत नाही. गूगलने मे २०२४ पासून दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एका साधनाने ओळख पटवणे) सुरू करताना आधी फोन नंबर देण्याची अट काढून टाकली आहे. इतर सेवांकडेही हीच मागणी करणे रास्त आहे. एवढे करूनही सेवा अडूनच बसली आणि खाते सोडणे आपल्याला परवडणारे नसेल, तर नंबर द्या. पण आत गेल्याबरोबर ‘नंबरवरून मला शोधता यावे’ हा पर्याय आणि संपर्कांची यादी जुळवण्याची परवानगी बंद करा, वर सांगितलेले दुसरे साधन जोडा आणि त्यानंतर नंबर काढून टाकता येतो का ते तपासा. काही सेवांमध्ये तो काढता येतो.

प्रश्न : किराणा दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे आपण नंबर देतच असतो. मग एखाद्या संकेतस्थळाने मागितला तर एवढे काय बिघडते? (पनवेल)

उत्तर : दुकानदारालाही तो देण्याचे बंधन नाही. बिलासाठी ग्राहकाच्या नंबरचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना कळवले आहे.

एकेका ठिकाणी दिलेला नंबर निरुपद्रवी वाटतो. पण तोच नंबर सगळीकडे असल्यामुळे वेगवेगळ्या याद्या एकमेकींना जोडता येतात. नावे सारखी असू शकतात, ई-मेल पत्ते दोन-चार ठेवता येतात. मोबाइल नंबर मात्र बहुतेकांचा वर्षानुवर्षे एकच असतो. ब्रिटनसारख्या देशात ओळखपत्र न दाखवता प्रीपेड सिम घेता येते. आपल्याकडे सिम घेतानाच ओळख पटवावी लागते, शिवाय बँक, यूपीआय आणि आधार यांनाही तोच नंबर जोडलेला असतो. त्यामुळे भारतात नंबर मागणे हे जवळपास ओळखपत्र मागण्याइतके वजनदार ठरते.

याद्या कशा जोडल्या जातात याचा नमुना एप्रिल २०२१ मध्ये दिसला. १०६ देशांतील ५३ कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांचे नंबर नावांसह इंटरनेटवर उघडे पडले. त्यांत सुमारे ६० लाख भारतीय होते. कोणी पासवर्ड फोडला नव्हता. मित्र शोधण्यासाठी फोनमधली यादी चढवण्याची जी सोय होती, तिच्यात अंकांच्या प्रचंड याद्या चढवण्यात आल्या आणि कोणता नंबर कोणाचा आहे हे यंत्रणेनेच सांगून टाकले. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने त्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाला २६.५ कोटी युरो दंड केला. बँकेतून बोलतो असे सांगणारा माणूस आपले नाव आणि गाव अचूक घेतो तेव्हा आपण चटकन विश्वास ठेवतो. ते नाव आणि गाव त्याच्यापर्यंत अशाच याद्यांतून पोहोचू शकते.

प्रश्न : मी कोल्हापुरात नोकरी करतो. नुकतेच नवीन सिम घेतले. त्यावर कोणा अनोळखी बाईंसाठी ओटीपी येतात. कधी खरेदीच्या सेवेचे, कधी विवाहस्थळे सुचवणाऱ्या सेवेचे. एका अ‍ॅपवर मी स्वतःचे खाते उघडायला गेलो तर सरळ त्यांचेच खाते उघडले, त्यांच्या घरच्या पत्त्यासह. मी काय करावे?

उत्तर : आपण विचारलेत हे फार चांगले केले, कारण अशा वेळी गंमत म्हणून आत डोकावणारेही असतात. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तेव्हा त्या खात्यातून लॉगआउट करा, ओटीपी कोणालाही सांगू नका आणि त्या सेवेच्या मदत विभागाला ‘हा नंबर आता माझ्याकडे आहे, जुन्या खात्यातून काढून टाका’ असे कळवा. बाईंच्या पत्त्यावर किंवा नातेवाइकांशी स्वतः संपर्क साधू नका. आपला हेतू चांगला असला तरी त्यांना भीतीच वाटेल.

आपल्याला आलेल्या अनुभवातच या सगळ्या मागणीचा मुख्य दोष दिसतो. मोबाइल नंबर आपल्या मालकीचा नसतो. रिचार्ज थांबला, वापर थांबला की तो परत घेतला जातो आणि बंद झाल्यापासून ९० दिवस उलटल्यावर कंपनी तो नव्या ग्राहकाला देऊ शकते; दूरसंचार नियामक प्राधिकरणाची ही भूमिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवून घेतली. व्हॉट्सअ‍ॅपने यावर थोडा विचार केलेला दिसतो. नंबर ४५ दिवस वापरात नसेल आणि त्यानंतर दुसऱ्या फोनवर सुरू झाला, तर जुन्या खात्याचा तपशील काढून टाकला जातो. इतर अनेक सेवांना मात्र नंबरचा माणूस बदलला याचा पत्ताही लागत नाही. ई-मेलचे खाते वीस वर्षे टिकते आणि नंबर तीन महिन्यांत दुसऱ्याच्या खिशात जाऊ शकतो. असे असताना पहिल्याची किल्ली दुसऱ्याला बांधण्यात सुरक्षितता कोणती, याचे उत्तर सक्ती करणाऱ्या कंपन्यांनी द्यायला हवे.

नंबर चालू असतानाही तो चोरता येतो. ट्विटरचे संस्थापक जॅक डॉर्सी यांच्या स्वतःच्या खात्यावरून ऑगस्ट २०१९ मध्ये आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध झाला, तो त्यांच्या मोबाइल कंपनीकडून त्यांचा नंबर चोरांनी आपल्या ताब्यात घेतल्यामुळे. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून, सिम बदलून घेतल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. अशा चोऱ्यांना आळा बसावा म्हणूनच हा नियम आला. फोनची रेंज अचानक गेली आणि आसपासच्या सगळ्यांची शाबूत असेल, तर वाट न पाहता कंपनीला व बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रश्न : आमच्या घरात सासूबाई, मी आणि दोन मुली मिळून एकच नंबर वापरतो. मुलीच्या जुन्या खात्याने नंबर मागितला. तो दिल्यावर ‘हा नंबर पूर्वीच अनेक खात्यांसाठी वापरला आहे’ असे उत्तर आले. शेजारच्या मुलाने इंटरनेटवरचा फुकटचा नंबर वापरायला सांगितले आहे. वापरू का? (नाशिक जिल्हा)

उत्तर : कृपा करून वापरू नका. त्या संकेतस्थळांवर येणारे संदेश सगळ्या जगाला वाचता येतात. आज त्या नंबरवर आपण कोड मागवला, तर उद्या तोच नंबर टाकून, पासवर्ड विसरल्याचा बहाणा करून, कोणीही मुलीचे खाते आपल्या ताब्यात घेऊ शकेल. नंबर न देण्यात जेवढा धोका आहे त्याच्या कितीतरी पट अधिक धोका यात आहे.

प्रत्येक माणसाकडे स्वतःचा फोन आणि स्वतःचे सिम असते, असे धरून हे नियम आखले जातात. आपल्याकडच्या असंख्य घरांत तसे नसते आणि त्याची झळ बहुतेक वेळा घरातल्या बायकांना व मुलींनाच बसते. सिम वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते, कोड त्यांच्या फोनवर येतो आणि मुलीने स्वतःच्या खात्यात केव्हा जावे हे अप्रत्यक्षपणे त्यांच्या हाती राहते. माझ्या मते नंबरच्या सक्तीविरुद्धचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे.

मुलीच्या खात्याला आपला किंवा वडील मंडळींपैकी कोणाचा तरी पर्यायी ई-मेल पत्ता जोडा आणि फोनवरच्या कोडऐवजी वापरता येणारे बॅकअप कोड काढून घ्या. गूगलच्या खात्यात असे आठ अंकी दहा कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते वहीत लिहून कपाटात ठेवले तरी चालते. सेवा ऐकतच नसेल, तर घरात आणखी एक सिम घेताना ते मुलगी सज्ञान असल्यास तिच्याच नावावर घ्या. आपल्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते.

प्रश्न : आम्ही मस्कतला राहतो. भारतातले सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद झाले. आता भारतात उघडलेली जुनी खाती त्याच नंबरवर कोड पाठवतात आणि नंबर बदलायचा तरी आधी त्याच नंबरवरचा कोड मागतात.

उत्तर : सिम बंद होऊन ९० दिवस झाले नसतील तर आधी मोबाइल कंपनीला विचारा, तोच नंबर पुन्हा चालू करून मिळण्याची शक्यता असते. मुदत उलटून गेली असेल तर ज्या फोनवर वा संगणकावर ती खाती पूर्वी नेहमी उघडत होतात, तेथूनच, शक्यतो घरच्याच इंटरनेटवरून, खाते परत मिळवण्याचा अर्ज भरा. ओळखीचे यंत्र आणि ओळखीची जागा यांना या तपासणीत वजन असते. नव्या फोनवरून घाईने वारंवार प्रयत्न केल्यास सेवेचा संशय वाढतो.

बँकेची गोष्ट निराळी आहे. बँकांनी ग्राहकांचे मोबाइल नंबर नोंदवून व्यवहारांच्या सूचना पाठवाव्यात, आणि नंबर न देणाऱ्यांना एटीएममधून पैसे काढण्याव्यतिरिक्त इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची सोय देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले आहे. तेथे आपल्या पैशाचे रक्षण हाच हेतू आहे आणि अनधिकृत व्यवहार वेळेत कळवल्यास भरपाईचा हक्कही त्याच परिपत्रकाने दिला आहे. तेव्हा बँकेला नंबर द्यावाच. ओमानमधला नंबर नोंदवता येतो का ते शाखेत विचारावे. जानेवारी २०२३ मध्ये अनिवासी खात्यांना परदेशी नंबरवरून यूपीआय वापरण्याची मुभा ज्या दहा देशांसाठी देण्यात आली, त्यांत ओमान आहे.

ज्यांचे भारतातले सिम अजून चालू आहे, त्यांनी पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर खात्यांवरचे नंबर बदलण्याचे काम निघण्याच्या आदल्या दिवसावर ठेवू नये. गूगलच्या खात्यात नंबर बदलल्यानंतरही सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवला जाऊ शकतो. त्यामुळे आल्या आल्या बदल करावा, प्रत्येक खात्याला ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा पासकी जोडावी, एकदा बाहेर पडून नव्या साधनाने पुन्हा आत जाता येते हे पाहावे आणि त्यानंतरच जुने सिम सोडायचे की ठेवायचे ते ठरवावे.